लाइट आणि राइट

(दृश्य: वहीचा क्लोजअप)

ही वही जरा जवळून बघा. जपानमधल्या एका ज्युनिअर हायस्कूलचा वर्ग आहे, आणि या मुलीने 'लाइट' आणि 'राइट' या दोन्ही इंग्लिश शब्दांच्या डोक्यावर काताकाना लिपीत बारीक अक्षरात उच्चार लिहून ठेवलाय, दोन्हीकडे एकच, 'राइतो'. जपानीत 'ल' आणि 'र' असे वेगळे आवाजच नाहीत, मग ती बिचारी दुसरं काय लिहिणार?

समोर उभा आहे तो परदेशातून आलेला असिस्टंट टीचर. दोन्ही शब्द म्हणून दाखवतो, परत म्हणतो, मग सावकाश म्हणतो, अगदी मनापासून. त्याचं म्हणणं एकच, नुसतं ऐकत राहा, आपोआप येईल, आणि वर्गात जपानी नकोच. तो स्वतः इंग्लिश तसंच शिकला ना, घरात, कानावर पडून पडून.

(दृश्य: जुने फोटो)

ही समजूत त्याच्या एकट्याची नाही, फार जुनी आहे. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मॅक्सिमिलियन बर्लिट्झने भाषाशाळा काढली. गोष्ट अशी सांगतात की फ्रेंच शिकवायला ठेवलेल्या निकोलस जोलीला इंग्लिश येतच नव्हतं, त्यात बर्लिट्झ आजारी पडला, आणि काही आठवड्यांनी येऊन बघतो तर विद्यार्थी चक्क फ्रेंचमध्ये बोलतायत! झालं, मातृभाषा वर्गाबाहेर. पुढे १९६१ मध्ये युगांडातल्या माकेरेरेला इंग्लिश शिकवण्यावर परिषद झाली, तिथून हेच विचार आणखी पक्के झाले. नेटिव्ह स्पीकर, म्हणजे ज्याची ती मातृभाषा आहे तोच आदर्श शिक्षक हा भ्रम आहे, असं भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसनने १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं, पण तोवर परदेशी तरुणांना शाळांत असिस्टंट टीचर म्हणून आणणारा जपानचा सरकारी जेट प्रोग्रॅम सुरू होऊन पाच वर्षं झाली होती, १९८७ च्या पहिल्याच बॅचला चार देशांतून ८४८ जण आले होते. त्यात यायला पदवी लागते, कुठल्याही विषयातली चालते, शिकवण्याचं ट्रेनिंग असलंच पाहिजे असं नाही.

नोकरीच्या जाहिरातींवर आणि स्थानिक शिक्षकांच्या आत्मविश्वासावर या समजुतीचा परिणाम झालाच.

(दृश्य: जपानी शिक्षक, मुलीचं बाक)

आता या सेन्सेईंकडे, म्हणजे वर्गातल्या जपानी शिक्षकांकडे बघा. मुलीपाशी वाकून जपानीत दोनच वाक्यं सांगतात, 'लाइट' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकव, 'राइट'ला कुठेच टेकवू नकोस. त्यांना हे नेमकं माहितीये कारण शिकताना ते स्वतः इथेच अडकले होते, आणि हे अडकलेलं असणं हीच शिक्षकाची खरी कमाई आहे असं मला वाटतं.

(दृश्य: रात्र, टेबललॅम्प)

तोच असिस्टंट टीचर, घरी. जपानी शिकतोय. पुस्तकातलं सगळं व्याकरण इंग्लिशमधून समजावलंय, आणि तो पेन्सिलीने प्रत्येक जपानी वाक्याखाली इंग्लिश अर्थ लिहितोय.