साखरेइतकाच पाण्याचाही हिशोब

मित्रहो, आज येथे जमलेल्यांत साखर कारखान्यांतले अधिकारी आहेत, तसेच त्याच कारखान्यांचे ऊस उत्पादक सभासदही आहेत. म्हणून उद्योगांच्या पाणीवापराविषयी सर्वसाधारण बोलण्यापेक्षा मी साखर कारखान्याचेच उदाहरण घेणार आहे. पाण्याचे मोजमाप नीट केले तर काय हाती लागते, हे या उद्योगाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

साखरेच्या हिशोबाची शिस्त आपल्याला नवी नाही. उसातून किती साखर आत आली, पोत्यांत किती भरली गेली, बगॅसमधून (उसाच्या चिपाडातून), प्रेसमडमधून (रस गाळून उरलेल्या गाळातून) आणि मळीतून किती गेली, आणि एवढे सारे मांडूनही जिचा पत्ता लागत नाही अशी अज्ञात घट किती राहिली, हे सारे दोन दशांश स्थळांपर्यंत रोज सकाळी चीफ केमिस्टच्या टेबलावर येते. अज्ञात घट थोडी जरी वाढली तरी रसाच्या गळतीपासून पॅनमधल्या (साखरेचे दाणे बनवण्याच्या भांड्यातल्या) उधळणीपर्यंत, म्हणजे वाफेबरोबर थेंब उडून जाण्यापर्यंत, सगळीकडे शोध सुरू होतो. पाण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी दोनच आकडे असतात: नदीवरून किंवा कालव्यावरून किती उचलले आणि ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, किती बाहेर गेले. या दोन आकड्यांच्या मध्ये जे घडते त्याची नोंद नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की, साखरेसाठी ज्या काटेकोरपणे ताळेबंद मांडतो त्याच काटेकोरपणे तो पाण्यासाठीही मांडला पाहिजे, आणि त्यातही ‘अज्ञात घट’ असा रकाना ठेवला पाहिजे.

हा ताळेबंद मांडायला बसले की पहिलीच गोष्ट लक्षात येते ती अशी की, कारखान्यात येणारे सर्वांत मोठे पाणी नळातून येत नाही, ते उसाच्या गाड्यांमधून गव्हाणीत येते. एक टन उसात सुमारे ७०० लिटर पाणी असते. त्यातले काय कुठे जाते ते पाहू. टनामागे साधारण २८० किलो बगॅस निघते, तिच्यात निम्मा ओलावा असतो, म्हणजे १४० लिटर पाणी तिच्यासोबत बॉयलरमध्ये जाऊन धुराड्यातून वाफ होऊन निघून जाते. प्रेसमडबरोबर पंचवीसेक लिटर आणि मळीबरोबर आठ-दहा लिटर जाते. उरते ते सव्वापाचशे लिटर. हे पाणी इव्हॅपोरेटरमध्ये (रस आटवण्याच्या भांड्यांच्या मालिकेत) आणि पॅनमध्ये रसातून वाफेच्या रूपाने वेगळे होते आणि मोठ्या अंशी कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेले पाणी, म्हणून आपल्या हाती लागते. मिलवर इम्बिबिशनसाठी, म्हणजे चिपाडातली उरलेली साखर धुऊन काढण्यासाठी, घातलेले गरम पाणीसुद्धा याच कंडेन्सेटमधून घेतले तर ते आतल्या आत फिरत राहते, बाहेरून आणावे लागत नाही. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना उसाबरोबर रोज ३५ लाख लिटर पाणी घरात आणतो. अशा कारखान्याला हंगामात नदीचे पाणी कशासाठी लागते, हा प्रश्न प्रत्येक कार्यकारी संचालकाने आपल्या चीफ इंजिनिअरला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या आवारात फिरताना मिळते. एका कारखान्यात रात्रपाळीत मी पाहिले होते की गरम पाण्याची टाकी भरून वाहत होती, तिचे पाणी वाफा टाकत गटारात जात होते, आणि त्याच वेळी नदीवरचा पंप मिलच्या बेअरिंगना थंड करण्यासाठी पाणी पुरवत होता. तिथल्या माणसांचा हलगर्जीपणा त्याला कारण नव्हता. बेअरिंगला आणि टर्बाइनच्या ऑइल कूलरला थंड पाणी लागते, कंडेन्सेट गरम असते, आणि ते थंड करून घेण्यासाठी कूलिंग टॉवर बांधलेलाच नव्हता. म्हणजे तुटवडा पाण्याचा नव्हता, थंड पाण्याचा होता. केवळ आवक-जावक पाहणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसली नसती, कारण त्याच्या कागदावर ‘वापर जास्त’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. पाणी किती, याच्याबरोबर ते किती अंशांचे आणि कोणत्या गुणवत्तेचे, हे लिहिले तरच ते कुठे पुन्हा वापरता येईल हे कळते.

गुणवत्तेचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीतले (भांड्यातले) कंडेन्सेट म्हणजे एक्झॉस्ट स्टीमचेच, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचेच, पाणी असते. ते बॉयलरला परत जाते. दुसऱ्या बॉडीपासून पुढचे पाणी हे उसाचे पाणी असते, आणि त्यात रसाचे थेंब वाफेबरोबर येण्याची शक्यता असते. म्हणून लॅबोरेटरीत परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन त्यात अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकतात आणि नळीच्या कडेने सावकाश सल्फ्युरिक आम्ल सोडतात. साखर असेल तर दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. कडे दिसले की ते पाणी बॉयलरच्या वाटेवरून वळवावे लागते, आणि बहुतेक वेळा ते गटाराला जाते. म्हणजे त्या क्षणी कारखाना साखर, उष्णता आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकदम गमावत असतो. ही चाचणी दर पाळीला होते, तिची नोंदही असते. पण कडे दिसल्यानंतर किती पाणी वळवले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. ती ठेवली तर कोणत्या बॉडीतून रस उधळतो, वाफेतले थेंब अडवणारा कोणता कॅचऑल खराब आहे, हे आपोआप समोर येईल. सहवीजनिर्मितीचे उच्च दाबाचे बॉयलर असतील तर कंडेन्सेट आणखी शुद्ध करणाऱ्या पॉलिशिंग युनिटचा खर्चही याच नोंदींवरून ठरवता येतो.

आता मोजण्याच्या साधनांविषयी. ‘पंप किती तास चालला, गुणिले पंपाच्या पाटीवरची क्षमता’ या पद्धतीने काढलेला आकडा मी मोजमाप मानत नाही. इम्पेलर झिजतो, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतो, नदीची पातळी बदलते. पाटी मात्र तीच राहते. मीटर बसवतानाही पाइप पूर्ण भरून वाहतो की नाही हे पाहावे लागते, कारण अर्धवट भरलेल्या पाइपवरचा मीटर भलताच आकडा दाखवतो. सांडपाण्याच्या नालीवर प्रवाह मोजण्यासाठी ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच, असते. तिच्यावरून १० सेंटिमीटर उंचीचे पाणी जात असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचार लाख लिटर होतो. वाचणाऱ्याने एकच सेंटिमीटर चुकून ११ वाचले तर उत्तर सव्वापटीहून थोडे जास्त येते, कारण प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. नॉचच्या मागे साचलेला गाळ महिनोन्‌महिने काढला जात नसेल तर तिथल्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

केंद्र सरकारने २०१६ साली नियमांत दुरुस्ती करून साखर कारखान्यांसाठी टनामागे २०० लिटर सांडपाण्याची मर्यादा घातली: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी १०० आणि स्प्रे पाँडच्या (पाणी फवारून थंड करण्याच्या तळ्याच्या) ओव्हरफ्लोसाठी किंवा कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनसाठी (क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेल्या पाण्यासाठी) १००. या मर्यादेचा मी आदर करतो, पण टनामागे काढलेल्या सरासरीत एक उणीव राहते. हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो तेव्हा नद्यांना पाणी असते, आणि लांबलेले गाळप मार्च-एप्रिलपर्यंत जाते तेव्हा त्याच नदीवर खालच्या गावांची पिण्याची योजना अवलंबून असते. नोव्हेंबरातले १०० लिटर आणि एप्रिलमधले १०० लिटर सरासरीत सारखेच मोजले जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ५,००० टनांच्या कारखान्याने टनामागे १०० लिटर वाचवले तर एका दिवसात तेवढेच पाणी वाचते. म्हणून हंगामाचा एक आकडा न देता महिन्यागणिक आकडे द्यावेत, आणि त्यांच्या शेजारी त्या महिन्यात नदीत किंवा धरणात किती पाणी होते तेही लिहावे.

इथे बसलेले सभासद मनात म्हणत असतील की खरे पाणी शेतात लागते, आणि ते बरोबर आहे. उसाला पावसासकट २०० सेंटिमीटर पाणी धरले तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतात; हेक्टरी १०० टन ऊस निघाला असे मानले तर टनाला दोन लाख लिटर पडतात, म्हणजे कारखान्याच्या २०० लिटरच्या हजारपट. त्यामुळे आपल्या हद्दीच्या भिंतीपाशी हिशोब थांबवणारा कारखाना उद्योगाच्या पाणीवापराचा फार थोडा भाग मोजतो. कारखान्याकडे उसाची नोंद असते, कोणाचे किती क्षेत्र, कोणती जात, लागण की खोडवा, हे त्याला गटवार ठाऊक असते. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ साली उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. पण ठिबक बसवले म्हणजे पाणी वाचले असे होत नाही. पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जात असेल आणि विहिरीवर मीटर नसेल, तर वाचलेले पाणी कुठे गेले हे कोणालाच सांगता येणार नाही. बहुधा ते शेजारच्या वाढीव उसाला जाते. घनमापन पद्धतीने, म्हणजे क्षेत्रावर नव्हे तर मोजून, पाणी देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यांनी पाणी वापर संस्थांसाठी केली आहे. कारखान्याने आपल्या गटांत काही शेतांवर मीटर बसवून टनामागे शेतातले पाणी मोजायला सुरुवात केली, तर ऊस विकास विभागाच्या कामाला प्रथमच खरा पाया मिळेल.

येत्या ओव्हरहॉलिंगमध्ये, म्हणजे यंत्रांच्या वार्षिक दुरुस्तीत, सगळीकडे मीटर बसवणे शक्य नाही, हे मला माहीत आहे. नदीवरची उचल, इम्बिबिशनची लाइन, गरम पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, स्प्रे पाँडची भर आणि ईटीपीची आवक, एवढ्या जागा आधी घ्याव्यात. ओव्हरफ्लोचा मीटर सर्वांत आधी, कारण पैसे आणि पाणी दोन्ही तिथून जातात. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात जिथे गाळप, उतारा आणि साखरेची पोती छापली जातात, त्याच पानावर टनामागे उचललेले पाणी, पुन्हा वापरलेले पाणी आणि पाण्याची अज्ञात घट हे तीन आकडे, आधीच्या हंगामाच्या आकड्यांसह छापावेत. ज्या सभासदाच्या उसाला कालव्याची पुढची पाळी कधी मिळेल याची खात्री नसते, त्याला हे आकडे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.