घड्याळ आणि टाका

किडनीत गाठ आहे म्हटलं की नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, एका किडनीवर माणूस जगतोच की! मग अख्खीच काढा ना, कटकट नको.’ त्यांचं अगदीच चुकत नाही. किडनी दान करणारा एकीवर वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. पण त्याला आम्ही शंभर तपासण्या करून निवडलेला असतो. गाठीचा पेशंट बहुतेकदा साठीचा. बीपीची गोळी चालू, साखर वरखाली. किडनीचं काम सांगणारी रक्तातली क्रिएटिनिनची तपासणी नॉर्मल, म्हणून निर्धास्त!

हे क्रिएटिनिन मोठं लबाड. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या डॉक्टरांनी २००६ साली ६६२ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ चार सेंटिमीटरपर्यंतची, दोन्ही किडन्या जागेवर, क्रिएटिनिन ठीक. तरी २६ टक्के लोकांची किडनीची रक्त गाळण्याची क्षमता ऑपरेशनआधीच मिनिटाला साठ मिलिलिटरच्या खाली गेलेली होती. अशांची एक किडनी आपण सहज काढून बादलीत टाकायची?

गाठीपुरताच तुकडा काढायची कल्पना नवी नाही. जर्मनीत हायडेलबर्गला चेर्नी या सर्जननं १८८७ मध्ये ते केलं होतं. अडचण रक्ताची. हृदय मिनिटाला जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांत जातो. तिथं सुरी लावायची तर मुख्य धमनीला चिमटा लावावा लागतो. चिमटा लागला की किडनी उपाशी. मग सिस्टर मोठ्यानं मिनिटं सांगतात: दहा... पंधरा... वीस. आमच्या पिढीला तीस मिनिटांची लक्ष्मणरेषा शिकवली होती, पुढे ती पंचविसावर आली. जास्त वेळ लागणार असेल तर किडनीभोवती बर्फाचा चुरा भरायचा. किडनी जपायला मॅनिटॉल नावाचं औषधही आम्ही वर्षानुवर्षं भक्तिभावानं देत आलो. नीट चाचणी झाली तेव्हा त्याचा फायदा दिसला नाही.

घड्याळाकडे बघता बघता एक गोष्ट मात्र आमच्या उशिरा लक्षात आली. निरोगी भाग किती उरला, यावर किडनीचं पुढचं काम जास्त ठरतं. गाठ वाढताना आजूबाजूचा भाग दाबत जाते आणि तिच्याभोवती एक पातळ आवरण तयार होतं. संत्र्याची फोड सुटी करावी तशी त्या आवरणालगत गाठ सोडवता आली, तर चांगला भाग वाचतो. आणि मग टाके. किडनीतल्या धमन्यांना आडवाटा नसतात. एक बंद झाली की तिच्यापुढचा भाग मेलाच. रक्त थांबवण्याच्या घाईत घेतलेला एक खोल टाका, चिमट्याच्या चार जादा मिनिटांपेक्षा महाग पडू शकतो.

एक गोष्ट लपवत नाही. अख्खी किडनी काढावी की गाठीपुरताच तुकडा, हे ताडून पाहणाऱ्या, युरोपच्या पुढाकारानं झालेल्या ५४१ पेशंटांच्या चाचणीचे निकाल २०११ आणि २०१४ साली आले. किडनी वाचवलेल्यांचं गाळण्याचं काम चांगलं राहिलं, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे गाठ मोठी असेल, मुख्य रक्तवाहिन्यांना बिलगलेली असेल आणि दुसरी किडनी धडधाकट असेल, तर मीही अख्खी काढतो. फक्त आधी दुसरीची नीट चौकशी करतो.