आडनाव ढेकणे, नाव काय ठेवू?

नमस्कार मंडळी. आत्ता ताईंनी माझी ओळख करून दिली तेव्हा आडनाव जरा पटकन घेतलं, बघितलंत ना, गिळल्यासारखं. सवय आहे मला. ढेकणे. सावकाश म्हणा, चावत नाही.

३१ वर्षं शाळेत हजेरी घेतली, आणि स्वतःचंच असं म्हणून असेल, पण मला लोकांच्या आडनावांचा फार नाद. गाढवे, उंदरे, भोपळे, दहातोंडे, मारणे, कडू, पोटदुखे, सगळे माझ्या वर्गात बसून गेलेत. त्यामुळे ओळखीत कुठे पाळणा हलला की फोन येतोच, सर, आडनाव असं असं आहे, काहीतरी शोभेलसं नाव सुचवा.

आता लोक काय करतात, आडनाव हलकं म्हणून नाव भारी घेतात. गोधडीला जरीचा काठ. माझा मुलगा पण तेच करत होता. नातू झाला तेव्हा फ्रिजवर यादी लावलेली, वहीचं फाडलेलं पान, सोळा नावं, सगळ्यात वर राजवीर आणि त्याच्याभोवती दोनदा गोल. मी म्हटलं अरे बाबा, राजवीर म्हटलं की माणूस मान वर करून बघणार, आणि मग काय येणार, ढेकणे. नुसत्या ढेकणेला आजकाल कोणी फारसं हसत नाही, राजवीर ढेकणेला नक्की हसतील. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आणि दुसरं म्हणजे अर्थाकडे लक्षच नसतं. सुगंधा घाणेकर, अमृता कडू, सुवर्णा लोखंडे, अमर मारणे. आईबापाला सुटं नाव आवडलेलं असतं, आडनाव इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला काही अर्थ आहे हेच विसरतात, आणि वर्गातली पोरं पहिल्या दिवशी ते शोधून काढतात. एक उंदरे मात्र हुशार निघाले, मुलाचं नाव गणेश. मी विचारलं मुद्दाम ठेवलंत का हो, तर म्हणाले, सर, गणपती सोडला तर उंदराला विचारतं कोण!

बरं, आपल्याकडे नाव दोन्ही बाजूंनी म्हणून बघावं लागतं. बोलताना आनंद पोटदुखे, पण हजेरीपटात, बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पोटदुखे आनंद. मी स्वतः पाचवीत होतो तेव्हा आमचे गुरुजी "ढेकणे" म्हणायचे, मग थांबून चष्मा वर सरकवायचे, आणि त्या तेवढ्या वेळात मागच्या बाकावरची चार पोरं खसाखसा अंग खाजवायला लागायची. पुढचं नाव ऐकायला कोणी जागेवर नसायचंच. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे की असल्या आडनावाला नाव दोन-तीन अक्षरी, साधं, लगेच तोंडातून सुटणारं हवं, म्हणजे मधली फट लवकर बुजते. वामन चोरघडे बघा, १९७९ साली चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. दुर्गा खोटे बघा, १९८३ चा फाळके पुरस्कार. वामन, दुर्गा, घरोघरची नावं. आडनावाला झाकायला गेली नाहीत.

आता त्यात आईचं नाव पण आलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर बाळ, आई, वडील, आडनाव असं चार डब्यांचं लिहायचं. चांगलंच झालं, फारच उशिरा झालं असं माझं मत. पण म्हणजे आई मधुरा आणि आडनाव कडू असेल तर तेही बघा, नुसतं बाळाचं बघून भागत नाही.

पत्रिकेचं म्हणाल तर आमच्या नातवाचं हस्त नक्षत्र. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, त्यातलं तिसरं चरण, म्हणजे ण. आता ण वरून मराठीत नाव सांगा! गुरुजींनीच हात टेकले, म्हणाले पत्रिकेतलं पत्रिकेत राहू द्या, हाक मारायला दुसरं ठेवा.

आणि घाई करू नका हो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची हे खरं, पण नाव त्याच वेळी द्यायलाच पाहिजे असं काही नाही. नोंद झाल्यापासून वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारशाचा हॉल बुक झालाय आणि घुगऱ्या भिजत घातल्यात म्हणून आदल्या रात्री काहीतरी ठरवून टाकणारे मी पाहिलेत. तोवर सोन्या म्हणा, बाळ्या म्हणा, कुठे अडतंय.

मुलीचं जरा वेगळं. तिचं आडनाव पुढे बदललं तर सगळं मॅचिंग वाया, आणि पूर्वी तर ताटातल्या तांदळात अंगठीने नावच नवं लिहायचे, म्हणजे बापाने इतका विचार केलेला तोही पुसला. हल्ली पुष्कळ मुली माहेरचंच ठेवतात. गाढवे सुद्धा ठेवतात. मला आवडतं ते. परदेशात मात्र आणखी तिसरीच भानगड, तिथे काळेची स्पेलिंग बघून केल वाचतात, म्हणजे भाजी, दातेंची डेट होते, आणि आपले सरळ साधे गोरे तिकडे गोर, म्हणजे रक्तबंबाळ. इथे ज्यांना कधी कोणी हसलं नाही ते तिकडे ढेकणे होतात!

आमच्या नातवाचं शेवटी समीर ठेवलं. आत्याने कानात सांगितलं, त्याने जांभई दिली. मी बाल्कनीत जाऊन खाली वाकून दोनदा हाक मारून बघितली, एकदा समीर ढेकणे, एकदा ढेकणे समीर. वॉचमनने वर बघितलं, हसला नाही. म्हटलं पास.

हां, मागे हात वर आहे. बोला ताई. आडनाव? भोपळे. बरं. सुनेचं नाव काय?