गल्लीतली नऊ इंची वाहिनी

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

मुंबईच्या मलनिःसारणाचा विषय निघाला की बोलणे लगेच मोठ्या आकड्यांवर जाते. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड या सात ठिकाणच्या नव्या प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज 2,464 दशलक्ष लिटर असून जानेवारी 2023 मध्ये त्यांचे भूमिपूजन झाले, हे आपण वाचलेलेच आहे. ही केंद्रे हवीत, आणि ती याआधीच व्हायला हवी होती. परंतु तीस वर्षे मलवाहिन्यांच्या कामात घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की वाढत्या वस्तीचा पहिला भार प्रक्रिया केंद्रावर पडत नाही. तो गल्लीतल्या नऊ इंची वाहिनीवर पडतो, आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मी गिरगावात राहते. आमच्या जुन्या चाळीत चाळीस बिऱ्हाडे होती आणि शौचालये मजल्याच्या टोकाला सामाईक होती. पुनर्विकासानंतर तिथे एकशे साठ सदनिका झाल्या, आणि प्रत्येक सदनिकेत दोन स्नानगृहे आली. शेजारची चाळ मात्र अजून तशीच उभी आहे. तिच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. आमची इमारत भरली त्याच वर्षी त्यांच्या मोरीतून पाणी उलटे वर येऊ लागले.

आजींनी तक्रार केली. संबंधित कार्यालयातून माणसे आली, त्यांनी चेंबर उघडून पाहिले, पाणी व्यवस्थित वाहत होते, म्हणून 'तुंबलेले नाही' असा शेरा मारून तक्रार बंद केली. असे तीन वेळा झाले. शेवटी आजी मला म्हणाल्या, "अगं, तुमची माणसं येतात अकराला, आणि माझ्या मोरीला पाणी येतं साडेसातला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत यापेक्षा नेमके निदान मी ऐकलेले नाही. आजींनी मोरीच्या भिंतीवर पेन्सिलीने रोजच्या पाण्याची खूण करून शेजारी वेळ लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माझ्या जुन्या मुकादमांना बोलावले आणि आम्ही गल्लीतली मॅनहोलची झाकणे एकेक करून उघडली. वरचे मॅनहोल भरलेले आणि खालचे रिकामे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मधे असतो, हे या कामातले पहिले शिक्षण आहे. इथे पाचही मॅनहोल गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि पाणी थांबलेले नव्हते, चालत होते. साडेनऊपर्यंत पातळी उतरली आणि अकराला तळ दिसू लागला. अडथळा नव्हताच, वाहिनी सकाळच्या पाण्याला पुरत नव्हती. अशा वेळी मैला सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येतो. आमच्या नव्या इमारतीच्या खाली वाहनतळ आहे, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाही त्याचा वास आला नाही. पाणी आमचे होते आणि मोरी आजींची होती.

हे असे का होते, ते सांगते. माणशी दररोज 135 लिटर पाणी धरले, तर त्यातले सुमारे 80 टक्के मलवाहिनीत येते. परंतु ते दिवसभर सारखे येत नाही. मोठ्या वस्तीच्या मुख्य वाहिनीत गर्दीच्या वेळचा प्रवाह सरासरीच्या दुप्पट धरतात. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी तो तिप्पट धरावा लागतो, कारण एका गल्लीतली सगळी माणसे एकाच वेळी आंघोळीला जातात. वाहिनी काठोकाठ भरून चालवायचीही नसते. वर हवेला जागा राहावी म्हणून आठ दशांशापर्यंतच भरायची, असा नियम आहे. त्यात तळाशी गाळ बसलेला असतो. एका नव्या इमारतीने नऊ इंची वाहिनी भरत नाही, म्हणून प्रत्येक परवानगी स्वतंत्रपणे पाहिली तर बरोबरच दिसते. भरते ती बेरजेने, आणि ती बेरीज करणारी वही कुठेच नाही.

(आपल्या पूर्वसूरींना हे भान होते. दक्षिण मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या मलवाहिन्या अंडाकृती आहेत. खाली निमुळता भाग असल्याने पाणी थोडे असतानाही वेग टिकतो आणि गाळ बसत नाही. वरचा रुंद भाग वाढत्या पाण्यासाठी. मी त्या आतून पाहिल्या आहेत. विटांचे सांधे अजूनही सुबक आहेत.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, आणि ज्याचे आश्वासन देऊन मी इथे आले ते उपाय राहिलेच आहेत. ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याने आतून पाहणी आणि तीही सकाळच्या पातळीच्या नोंदीसह. सिमेंटच्या वाहिनीचे छत सडक्या मैल्यातून निघणाऱ्या वायूच्या आम्लाने खाल्ले जाते. जिथे केवळ अशी झीज आहे, तिथे आतून अस्तर लावून काम भागते. जिथे क्षमताच कमी आहे तिथे अस्तराने भागणार नाही. तिथे जुना पाइप आतून फोडत त्याच मार्गाने मोठा पाइप ओढून नेता येतो, म्हणजे अरुंद गल्ली पूर्ण खणावी लागत नाही. नऊ इंचांच्या जागी बारा इंच केले, तर उतार तोच ठेवूनही क्षमता दुपटीहून अधिक होते. खर्च वाटतो तितका मोठा नाही, कारण रस्ता आणि खोदाई हीच महाग असते.

दुसरी गोष्ट माणसांची. 2013 च्या कायद्याने मलवाहिनीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई आहे, आणि अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. पुरेशा व्यासाची, गाळ न धरणारी वाहिनी माणसाला आत उतरवण्याची वेळच येऊ देत नाही. व्यास वाढवण्याच्या खर्चाबरोबर हेही मोजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे गल्लीनिहाय वही. नव्या इमारतीला जोडणी देण्यापूर्वी त्या वाहिनीवर आधी किती सदनिका आहेत आणि सकाळी साडेसातला पाणी कुठवर चढते, हे लिहिलेले असावे. आणि जागा उरली नसेल, तर वाहिनी बदलण्याचा खर्च विकासकाने भरल्यावरच जोडणी मिळावी. तसे मागणीपत्र मी दिले आहे. त्याला आजींच्या भिंतीचे छायाचित्र जोडले आहे. सर्वांत वरची खूण फरशीपासून वीतभर आणि चार बोटे उंचीवर आहे, आणि तिच्यापुढे सात चाळीस असे लिहिले आहे.