बसलेली म्हैस आणि बारा सोंगट्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘पशुवैद्यकाच्या शिक्षणात खेळ’. मला खरं बोलायचंय ते खेळ संपल्यानंतरच्या चर्चेवर. पण आधी एक तक्रार, ती केल्याशिवाय पुढं जाववत नाही.

मोबाइलवर प्रश्नमंजुषा लावायची, बरोबर उत्तराला दहा गुण, वर फटाके, आणि याला खेळ म्हणायचं! अहो, ही चाचणी परीक्षाच, फक्त रंगीत. ‘मिल्क फिव्हरमध्ये (व्याल्यावर जनावर बसतं, तो आजार) रक्तात काय घटतं?’ पोरगं डोळे मिटून ‘कॅल्शियम’ दाबतं. उत्तर बरोबर, पण म्हैस कुठाय? गोठ्यात मालक चार पर्याय देत नाही. तो म्हणतो, “डॉक्टर, म्हस बसलीया, उठंना झालीया.” शेजारचे पाचजण पाच औषधं सुचवतात. त्यातला एकजण बाटलीनं गूळपाणी पाजायच्या तयारीत असतो. या रोगात गिळण्याची क्रिया मंदावते, पाजलेलं फुप्फुसात जातं. या बाटलीवर कुठल्या ॲपमध्ये प्रश्न नसतो. (हसू नका, गूळपाणीवाले इथंही बसले असतील.)

तर पत्त्यांचा खेळ. एका टेबलावर चौघं : मालक, डॉक्टर, मदतनीस आणि म्हैस. म्हैस झालेल्यानं बोलायचं नाही. तपासलं तेवढंच कार्ड उलटायचं. डॉक्टरकडं बारा सोंगट्या, कॅरमच्या चालतात. एक सोंगटी म्हणजे पाच मिनिटं. मालकाला दोन प्रश्न, एक सोंगटी. थर्मामीटर एक, छातीला नळी (स्टेथोस्कोप) एक, चारही सडांची धार काळ्या वाटीत बघायला एक. आडवी पडलेली म्हैस पोटावर बसती करून पोत्यांचा टेकू द्यायला एक. ती विसरली की पोटफुगीचं कार्ड उघडतं. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली शिरेतून द्यायला चार सोंगट्या, म्हणजे वीस मिनिटं, आणि छातीवरची नळी काढायची नाही. कुणी दोनच सोंगट्यांत उरकली की म्हैस झालेल्यानं हृदयाचं कार्ड उघडायचं : ठोके अडखळतात, आणि बाटली तिथंच थांबवायची.

एकाआड एक टेबलांवर दोन वेगळ्या म्हशी ठेवा. दोन्ही चौथ्या वेताच्या, व्याल्याला दीड दिवस, दोन्हींचे कान गार. एक मान पोटाकडं वळवून बसलीय, ताप नाही, धार स्वच्छ. हा मिल्क फिव्हर. दुसरीच्या एका सडातून पिवळट पाणी, कास सुजलेली, डोळे खोल गेलेले. हा विषारी कासदाह. इथं घाईनं कॅल्शियम शिरेतून सोडलं तर आधीच दमलेलं हृदय बंद पडू शकतं. एका सोंगटीची वाटी वाचवली, म्हणून म्हैस जाते. सोंगट्या त्यासाठीच, बरोबर उत्तराला गुण लावले तर मुलं उत्तर शोधतात, क्रम शोधत नाहीत.

खेळ कुठं फसतो? एक हुशार पोरगं चौघांचं खेळतं, उरलेले मान डोलावतात. उपाय सोपा : मालकाची माहिती फक्त मालकाच्या हातात, कार्ड टेबलावर ठेवायचं नाही. आणि मालकानं विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, जसा खरा मालक पहिल्या दिवशीची धार आठवून सांगत नाही.

पाच मिनिटं उरलीत अशी चिठ्ठी आली. मुख्य मुद्दा राहिलाच, तर घाईत.

वीस मिनिटं खेळ असेल तर वीस मिनिटं चर्चा. तास संपला की सोंगट्या गोळा करून मुलांना सोडतात, तिथंच सगळं वाया जातं. चर्चेत पहिला प्रश्न ‘चुकलं कुठं’ हा नको, त्यानं पोरं गप्प होतात. म्हैस झालेल्याला विचारा, ‘तुझं कुठलं कार्ड कुणी उलटलंच नाही?’ मग डॉक्टरला, ‘पहिली सोंगटी तिथंच का टाकलीस?’ शेवटी भूमिका बदलून तीच म्हैस पुन्हा, नवीन नव्हे.

हाताचं कसब पत्त्यांनी येत नाही. मानेची शीर सापडणं, गुदमार्गे गाभण तपासणं याला प्रतिकृती किंवा जनावरच लागतं. पशुवैद्यक सारा बेली यांनी ब्रिटनमध्ये ‘हॅप्टिक काऊ’ त्यासाठीच केली. बोटाला गर्भाशयाचा भास देणारं यंत्र. त्याचं आज राहू दे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची मुलं आलीत, कार्डांचा एक संच बाहेर टेबलावर आहे. बाटलीचं कार्ड नीट बघा, त्यावर ‘आधी अंगाइतकी कोमट करा’ असं लिहिलंय, आणि त्याला एक सोंगटी वेगळी लागते.