लुकड्या अंगातली चरबी

(बाळाच्या पाठीवर कॅलिपर, अगदी जवळून)

खवाट्याखालची कातडी चिमटीत धरायची, कॅलिपर म्हणजे जाडी मोजायचा चिमटा लावायचा आणि काटा थांबेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. मग आकडा वाचायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. बाळ दोन दिवसांचं, रडून लाल झालंय, तरी ताई घाई करत नाहीत. इथे मिलिमीटरचा हिशोब आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत हे काम सुरू केलं. इथली बाळं भरली सरासरी 2.7 किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलो. दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून.

(दोन डॉक्टरांचा फोटो)

हा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. आणि आपण अजून म्हणतो, 'बारीक तर आहे, त्याला कसली शुगर!'

(सूक्ष्मदर्शकाखाली मेदपेशी)

चरबी वैरीण नव्हे, ती अंगाची कणगी. काही दुर्मिळ रुग्णांना जन्मतःच चरबी जवळजवळ नसते, त्यांनाही तीव्र मधुमेह होतो, कारण उरलंसुरलं साठवायला जागाच नाही. आता या पेशी बघा, फुगून टम्म झाल्यात. त्यांना प्राणवायू पुरत नाही. भोवती जमलेले हे ठिपके म्हणजे रोगप्रतिकारक पेशी. त्या दाह पेटवणारी रसायनं सोडतात, इन्सुलिनचं ऐकणं बंद होतं आणि भरलेली कणगी सांडू लागते: यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात.

पुढे मधुमेह, हृदयविकार.

(शाळा सुटल्यावर घरी निघालेल्या मुली)

गरोदरपणी आईच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर तिच्या मुलाचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देताना दिसलं. 2008 मधला हा निष्कर्षही याच गावांतला. म्हणून कॅलिपरखाली रडलेली तीच बाळं मोठी झाल्यावर, किशोरवयात, त्यांना बी-12 देऊन पाहिलं. त्यांच्या घरी पाळणा हलायच्या आधी.