चोडणच्या कांदळवनात होडीने जाताना

गोव्यातल्या मांडवी नदीच्या पात्रातील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्याचा विस्तार जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली, की थोड्या चालीवर प्रवेशद्वार लागते. पायवाटेने हिंडणाऱ्याला वेळेचे बंधन फारसे जाचत नाही. होडीने आत शिरू पाहणाऱ्याला मात्र वनखात्याच्या परवानगीइतकीच भरतीची मर्जी सांभाळावी लागते, आणि त्यात एक पेच आहे. होडी चालायला पाणी हवे. निवट्या (चिखलावर सरकणारे छोटे मासे), खेकडे आणि त्यांना टिपणारे बगळे दिसायला चिखल उघडा पडलेला हवा. ऐन भरतीला गेलात तर कांदळ आणि चिपी या खारफुटी झाडांच्या दाटीतून सुखाने वल्हवत जाल, पण खाली काही हलताना दिसणार नाही. पुऱ्या ओहोटीला गेलात तर तुमच्या होडीखेरीज सगळेच हलत असेल.

म्हणून भरती फिरल्यानंतरचा तास-दीड तास साधावा. किनाऱ्यावरची माणसे त्यासाठी तिथीची पाऊणपट करतात: दशमीला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. नदीत आत जावे तसे यात थोडे पुढेमागे होते. मला स्वतःला दशमी सोयीची वाटते, कारण ऊन कोवळे असते आणि पाण्याला उधाणाचा जोर नसतो.

पाणी उतरू लागले, की प्रथम तिवर या आणखी एका खारफुटी झाडाची श्वसनमुळे पेन्सिलींच्या टोकांसारखी वर येतात. गाळात प्राणवायू जवळजवळ नसल्याने ही मुळे खालून वर, हवेकडे वाढतात. तिवराच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावावे. झाडाने बाहेर टाकलेले मीठ चवीला कळते. मग नर खेकडे आपली एकच अवाढव्य नांगी हलवीत बिळांतून डोकावतात, आणि मासा असूनही निवटी पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकू लागते. अशा वेळी वल्हे उचलून मांडीवर आडवे घ्यावे आणि होडी ओहोटीच्या ओढीवर सोडावी, कारण वल्ह्याचा एक ठोका काठावर बसला तरी सारा चिखल क्षणात ओस पडतो.

गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेल्या एका खंड्याच्या मागे लागून मी एकदा हा हिशेब विसरलो. साडेदहाच्या सुमारास चिंचोळ्या फाट्यात होडी रुतली. उतरून ढकलावे तर मांडीपर्यंत गाळ, शिवाय मांडवीला मिळणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. खाजनांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनींचे, बांध राखणारी काही गावे पौष अमावास्येला मातीची मगर थापून तिची पूजा करतात. पाणी त्या पातळीला परत यायला संध्याकाळचे पाच वाजले. पहिला तासभर निवट्या होडीपासून दहा हात लांब होत्या. दुपारी त्या होडीच्या सावलीत येऊन बसल्या.